तेल, पाणी आणि चिमूटभर भुकटी



तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे सांगायला कुणी प्राध्यापक नको. देवापुढे पेल्यात पाणी घेऊन त्यावर तेल सोडून वात लावणाऱ्या घरोघरच्या आजीला ते ठाऊक असते. मग मी आज या विषयावर आपला वेळ का घेतो आहे? त्याचे कारण आमच्या लिंबाच्या बागेत घडले. आधी ते सांगतो.

२००९ सालची गोष्ट. वडिलांनी कागदी लिंबाची बाग लावली होती. झाडे लहानच, कमरेच्या जरा वर आलेली. कोवळ्या पानांवर नागअळीने वेड्यावाकड्या रेघा ओढायला सुरुवात केली, तेव्हा वडिलांनी निंबोळी तेल फवारायचे ठरवले. पाठीवरच्या पंपात विहिरीचे पाणी भरले, त्यात तेल ओतले, कपडे धुण्याच्या साबणाचा चुरा टाकला, काठीने ढवळले आणि भर दुपारी फवारणी उरकली. चार दिवसांनी पाहतो तो काही झाडांची पाने करपलेली, शेंडे वाळलेले. वडील म्हणाले, "हा नवाच रोग आला वाटतं."

मी कॉलेजात गणित शिकवतो. मला रोगातले काही कळत नाही, पण मोजता येते. ओळीने चालत गेलो आणि झाडे मोजली. आठ झाडे हिरवी, दोन करपलेली. पुन्हा आठ हिरवी, दोन करपलेली. एखादे झाड इकडेतिकडे सोडले, तर बाग संपेपर्यंत हाच हिशेब. मी विचारले, "अण्णा, एका पंपात किती झाडं होत होती?" ते म्हणाले, "दहा." आणि बोलता बोलताच गप्प झाले. रोगाला काही दहापर्यंत मोजता येत नाही, पंपाला येते.

पंपाची नळी पाणी ओढते तळातून, आणि तेल तरंगते वर. म्हणजे पहिल्या आठ झाडांना जवळजवळ नुसते पाणीच मिळाले आणि सगळ्या पंपाचे तेल शेवटच्या दोन झाडांच्या डोक्यावर पडले, तेही रणरणत्या उन्हात. आठ झाडांवरची अळी सुखरूप राहिली आणि दोन झाडे भाजली. वडिलांनी विचारले, "अरे, पण साबण घातला होता ना मी? मग तेल सुटलं कसं?" एवढा शिकलेला मुलगा, पण मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मित्रांना गाठले, पुस्तके उलटली, आणि शोधता शोधता इंग्लंडातल्या एका फळबागेपर्यंत जाऊन पोहोचलो. तिथे एका माणसाने साबणाशिवाय तेल आणि पाणी एकत्र बांधून दाखवले होते. तीच हकीकत आज सांगायची आहे.

पण आधी तेल आणि पाणी वेगळे का होतात ते पाहू. बाटलीत दोन्ही घालून जोराने हलवले, तर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि सगळे पाणी दुधासारखे पांढुरके दिसू लागते. बाटली खाली ठेवली की थेंब एकमेकांना भेटतात आणि दोहोंचा एक, चौघांचा एक असे करत पुन्हा वर तेलाचा थर जमतो. असे का व्हावे? आता असं पाहा. दोन भावांची लागून दोन शेते आहेत, मध्ये बांध आहे. बांध राखायचा म्हणजे मेहनत आणि खर्च आला. भावांनी शेते एक केली, तर मधला बांध वाचतो. तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेही असाच एक बांध असतो, आणि तो राखायला शक्ती लागते. दोन लहान थेंबांच्या मिळून जेवढा बांध असतो, त्याहून त्यांच्या एका मोठ्या थेंबाचा बांध कमी भरतो. म्हणून थेंबांचा ओढा सदैव एक होण्याकडे.

थेंब वेगवेगळे राहिले, एक झाले नाहीत, तर त्या मिश्रणाला शास्त्रात पायस म्हणतात. दूध हे आपल्या ओळखीचे पायस. त्यात स्निग्धांशाचे थेंब पाण्यात पसरलेले असतात. दूध ठेवून दिले तर साय वर येते, पण सायीतले थेंब अजून वेगवेगळेच असतात. घुसळून त्यांची वेष्टने फोडावी तेव्हा लोणी निघते. हा फरक ध्यानात ठेवा. थेंब वर येणे वेगळे आणि थेंब फुटून एक होणे वेगळे. पहिल्यात पायस शाबूत असते, दुसऱ्यात ते मोडते.

पायस टिकवण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे साबण. साबणाच्या रेणूला एक डोके असते, त्याला पाणी आवडते. एक लांब शेपूट असते, तिला तेल आवडते. असा दुतोंडी रेणू तेलापाण्याच्या बांधावरच जाऊन उभा राहतो. डोके पाण्यात, शेपूट तेलात. असे असंख्य रेणू थेंबाभोवती दाटीने उभे राहिले की थेंबाला थेंब भिडत नाही. आंघोळीच्या वेळी अंगावरचे तेल निघते ते याच युक्तीने.

पण या पहारेकऱ्याची एक अडचण आहे. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतील, तर साबण त्यांच्याशी जोडला जातो आणि त्याचा न विरघळणारा चोथा होतो. अशा पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. आपण म्हणतो जड पाणी. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आमच्या विहिरीचे पाणी असेच होते. वडिलांनी पंपात टाकलेला साबण तेलाकडे पोहोचलाच नाही. तो वाटेतच क्षारांच्या हाती सापडला. हे झाले वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर.

आता त्या इंग्लंडातल्या फळबागेकडे वळू. स्पेन्सर पिकरिंग नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. जन्म १८५८, मृत्यू १९२०. १८९४ साली त्यांनी बेडफर्डच्या ड्यूकच्या साहाय्याने वोबर्न येथे प्रयोगासाठी एक फळबाग सुरू केली. सफरचंदाच्या झाडाखाली गवत माजू दिले तर झाड किती खुंटते, रोप लावण्याच्या निरनिराळ्या पद्धतींनी पुढे काय फरक पडतो, असल्या मातीतल्या प्रश्नांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. झाडांवरच्या किडीसाठी तिकडे तेव्हा पॅराफिन तेल, म्हणजे आपण ज्याला रॉकेल म्हणतो ते, साबणाच्या पाण्यात घुसळून फवारीत. त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो आमच्या लिंबाच्या बागेतलाच होता: तेल पाण्यात सारखे पसरलेले राहावे कसे? ते सुटले तर झाड भाजते.

त्याच काळी फळबागांत आणखी एक औषध वापरात आले होते. ते आपल्या द्राक्ष-बागायतदारांना आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीवाल्यांना चांगले माहीत आहे: बोर्डो मिश्रण. द्राक्षावरचा केवडा आणि सुपारीवरचा कोळेरोग यांसाठी ते आजही फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. त्याचा जन्म फ्रान्समधला. बोर्डो शहराजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत; निळी पाने पाहून कोणी हात लावीत नसे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८२ साली पाहिले की आतल्या वेली केवड्याने झडल्या आहेत, पण रस्त्याकडच्या या निळ्या वेली हिरव्यागार आहेत. त्यातून १८८५ साली जगाला हे औषध मिळाले.

मोरचुदाच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतली की त्यात फिकट निळा, अतिशय बारीक साका तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. पिकरिंग यांनी या साक्याबरोबर तेल घुसळले, साबण अजिबात न घालता. आणि काय आश्चर्य, दाट सायीसारखे मिश्रण तयार झाले आणि तेल सुटून वर येईना! त्यांनी लोखंडाच्या क्षारापासून मिळणारा साका आणि तसल्याच आणखी कितीतरी बारीक पदार्थांचे प्रयोग केले आणि १९०७ साली ते छापून प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भुकटीचे कण तेलाच्या थेंबांपेक्षा पुष्कळ बारीक असावेत, ते विरघळणारे नसावेत आणि तेलापेक्षा पाण्याने अधिक भिजणारे असावेत. मग ते थेंबाभोवती कवच धरतात आणि थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

माझ्या भगिनींना हे मी एका वाक्यात सांगू शकेन. पोळ्या लाटताना कणकेचे गोळे करून ठेवता, तेव्हा ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काय करता? पिठी लावता. तेलाच्या थेंबाला लावलेली ही पिठीच होय.

पण तुम्ही विचाराल, पिठी थेंबावरून गळून का पडत नाही? कणाला ना डोके, ना शेपूट. त्याला तिथे धरून कोण ठेवते? याचे उत्तर आपल्या बांधाच्या दाखल्यातच आहे. तेलापाण्याच्या बांधावर एक कण येऊन बसला, अर्धा तेलात आणि अर्धा पाण्यात. त्याने जेवढी जागा अडवली तेवढा बांध राखण्याचा खर्च वाचला. त्याला तिथून उपटायचे म्हटले, तर तेवढा बांध पुन्हा घालावा लागेल, म्हणजे बाहेरून शक्ती आणावी लागेल. म्हणून कण बसतो तो बसतोच.

ही पकड किती घट्ट असते? गणिताच्या मास्तरला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी त्रिज्या असलेला कण घ्या. पाण्यातले रेणू उष्णतेमुळे सतत धावपळ करतात आणि कणाला धक्के देत असतात. असा एक धक्का सरासरीने जेवढी शक्ती देतो, तिच्या अडीच हजार पटींहून अधिक शक्ती त्या कणाला बांधावरून उठवायला लागते. साबणाचा रेणू बांधावर येतो आणि जातो, त्याची ये-जा चालूच असते. हा कण मात्र एकदा बसला की उठत नाही. शिवाय कणाची त्रिज्या दुप्पट झाली की पकड चौपट होते.

मग कोणतीही धूळ टाकली तरी चालेल का? नाही, आणि यातच या विषयाचे सगळे मर्म आहे. पाण्याने पुरता भिजणारा स्वच्छ वाळूचा कण बांधावर थांबत नाही, तो सरळ पाण्यात उतरतो. ज्याला तेलच आवडते असा मेणाचा कण तेलात बुडून जातो. बांधावर टिकतो तो दोघांकडूनही थोडा थोडा भिजणारा कण. तो कोणाकडे किती झुकला आहे हे मोजायचे माप म्हणजे स्पर्शकोन. पाणी कणाच्या अंगाला ज्या कोनाने भिडते, तो हा कोन. कोन ९० अंशांचा असला तर कण बरोबर अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. पकड सर्वांत जास्त. कोन ३० अंशांवर आला, तर पकड पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी उरते. कण तोच, आकार तोच. फक्त तो एका बाजूला फार झुकला.

थोडेसे झुकणे मात्र उपयोगाचे असते. १९२३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड या तिघांनी नियम मांडला: ज्या द्रवाने कण जास्त भिजतो, तो द्रव बाहेर राहतो. कण पाण्याकडे थोडे झुकलेले असतील, तर तेलाचे थेंब पाण्यात. तेलाकडे झुकलेले असतील, तर उलट पाण्याचे थेंब तेलात. पिकरिंगचा निळा साका पाण्याकडे झुकणारा. काजळी घ्या, ती तेलाकडे झुकणारी. १९१८ साली श्लेफर नावाच्या शास्त्रज्ञाने रॉकेल, पाणी आणि काजळी घुसळून असे उलटे पायस करून दाखवले. त्यात पाण्याचे थेंब रॉकेलमध्ये अडकून राहिले होते.

असे उलटे पायस आपल्या घरातही आहे. ते म्हणजे लोणी. लोण्यात पाण्याचे बारीक थेंब स्निग्धांशात कोंडलेले असतात. ते कोंडून ठेवण्याचे बरेचसे काम कोण करते? स्निग्धांशाचेच गोठलेले बारीक स्फटिक. ते एकमेकांत गुंतून जाळे करतात आणि पाण्याच्या थेंबांभोवती जाऊनही बसतात. आता लोणी कढवायला ठेवा. स्फटिक वितळले, म्हणजे पहारेकरीच विरघळून गेले. पाणी मोकळे झाले, जड म्हणून तळाला गेले, तापून त्याची वाफ झाली आणि तडतड सुरू झाली. तडतड थांबली की पाणी संपले, तूप झाले, हे घरातली बाई कानानेच ओळखते. पुढच्या वेळी ती तडतड ऐकाल तेव्हा आठवा की शेकडो पहारेकरी आपली जागा सोडून चालले आहेत.

पाकिटात मिळणाऱ्या होमोजिनाइज्ड दुधातही हेच दिसते. त्यातले स्निग्धांशाचे थेंब यंत्राने इतके बारीक करतात की थेंबांवरचे मूळचे वेष्टन पुरत नाही. उघड्या पडलेल्या जागेवर दुधातल्याच केसीन नावाच्या प्रथिनाचे कण जाऊन बसतात. म्हणून अशा दुधावर स्निग्धांशाचा जाड थर चढत नाही.

शिक्षक बंधूंसाठी आता एक प्रयोग सांगतो. आठवी-नववीच्या वर्गाला तो समोर करून दाखवता येईल. बोर्डो मिश्रणाचेच प्रमाण घ्या. ५० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसऱ्या ५० मिलिलिटर पाण्यात १ ग्रॅम विझवलेला चुना कालवा. दोन्ही एकत्र ओता. निळा साका तयार होईल. बागायतदार करतात तशी परीक्षा करा: स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. त्यावर तांब्याची लाली आली तर चुना कमी पडला, आणखी घाला. आता दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नुसते पाणी आणि दुसरीत हे मिश्रण, निम्म्यापर्यंत. दोहोंत औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन थोडे थोडे, सारखे घाला. खाण्याचे तेल घेऊ नका, कारण त्यातल्या आम्लांचा चुन्याशी साबण होतो आणि श्रेय कुणाला द्यायचे ते कळत नाही. बुचे घट्ट लावून दोन्ही बाटल्या पाच मिनिटे जोरजोराने हलवा आणि टेबलावर ठेवा.

पहिल्या बाटलीत तेल लवकरच वेगळे होईल. दुसऱ्या बाटलीत निळसर सायीसारखा थर दिसेल. तो हळूहळू वर जाईल, त्याने घाबरू नका. साय वर येणे आणि पायस मोडणे यांतला फरक आपण मघाशी पाहिला. भिंगाने पाहिले तर त्या थरात वेगवेगळे थेंब दिसतील. त्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन पाण्यात सोडा. तो पाण्यात पसरून गेला, तर समजा की बाहेर पाणी आहे आणि आत तेल. पसरला नाही, तसाच गोळा होऊन राहिला, तर उलट.

हुशार मुलांना एक प्रश्न घाला. तेल तेवढेच ठेवले आणि भुकटी दुप्पट केली, तर थेंब केवढे होतील? जितकी पिठी, तितकाच बांध झाकला जाणार. झाकला न गेलेला थेंब दुसऱ्यात मिसळतो, आणि सगळे झाकले गेले की मिसळणे थांबते. तेवढ्याच तेलाचे निम्म्या व्यासाचे थेंब केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ दुप्पट भरते. म्हणून भुकटी दुप्पट, तर व्यास निम्मा. गोलाचे पृष्ठफळ आणि घनफळ यांची सूत्रे मुले पाठ करतात. ती कशासाठी, हे त्यांना या बाटलीत दिसेल.

मात्र सावधगिरी हवी. मोरचूद विषारी आहे, चुना डोळ्याला घातक आहे. मिश्रण शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांनी चव घेऊ नये, आणि उरलेले विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. तांब्याने मासे मरतात. बागायतदारांनाही माझी हात जोडून विनंती आहे: हे ऐकून कोणी बोर्डो मिश्रणात आपल्या मनाने रॉकेल किंवा दुसरे तेल घालू नका. मी शास्त्र सांगतो आहे, फवारणीची शिफारस करीत नाही. ती कृषी खात्याच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच करावी.

कण नेहमी उपकारच करतात असेही नाही. जमिनीतून खनिज तेल निघते तेव्हा त्याबरोबर पाणीही येते. त्या तेलातली डांबरासारखी द्रव्ये, मेणाचे स्फटिक आणि मातीचे कण पाण्याच्या थेंबांभोवती असे काही बसतात की पाणी सुटता सुटत नाही. ते सोडवण्यासाठी उष्णता, औषधे आणि विजेचा दाब वापरावा लागतो. दुसरीकडे, २००० सालानंतर जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष या कणांकडे पुन्हा वळले. हल विद्यापीठातले बर्नार्ड बिंक्स यांच्यासारख्यांनी कणांची पकड, कोन आणि आकार यांचा बारकाईने अभ्यास केला. साबणासारखी द्रव्ये कातडीला झोंबतात, काहींची ॲलर्जी येते. म्हणून त्यांच्याऐवजी पिष्टाचे, सिलिकेचे किंवा प्रथिनांचे कण वापरून मलमे आणि खाद्यपदार्थ करता येतील का, याचा शोध चालू आहे. फळबागेतला प्रश्न असा पुष्कळ दूरवर गेला.

एक गोष्ट राहिली. अशा पायसाला आज सर्वत्र पिकरिंगचे नाव आहे. पण ऑक्सफर्डच्या वॉल्टर रॅम्सडेन यांनी द्रवांच्या सीमेवर घन कण जमतात आणि थेंबांना व बुडबुड्यांना टिकवतात हे १९०३ सालीच, म्हणजे चार वर्षे आधी, प्रसिद्ध केले होते. पिकरिंग यांना ते माहीत नव्हते. स्वतःचे काम पुरे झाल्यावर त्यांना रॅम्सडेन यांचा लेख दिसला, आणि त्यांनी आपल्या निबंधात तसे स्पष्ट लिहून ठेवले की हा विषय त्यांच्याआधी रॅम्सडेन यांनी अभ्यासला आहे. जगाने नाव एकाचेच लक्षात ठेवले, हा त्यांचा दोष नव्हे. दुसऱ्याचे ऋण कागदावर मांडून ठेवणे हीही शास्त्राची एक शिस्त आहे, आणि ती मुलांना सूत्रांइतकीच शिकवावी असे मला वाटते.

आता आमच्या बागेचे काय झाले ते सांगून पुरे करतो. उत्तर मिळाल्यावर मी दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत विहिरीचे पाणी आणि दुसरीत पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी. दोहोंत तेवढाच साबण आणि तेवढेच निंबोळी तेल घालून हलवले आणि वडिलांच्या पुढ्यात ओट्यावर ठेवले. थोड्या वेळात विहिरीच्या पाण्यावर तेलाचा पिवळा थर आणि साबणाचा चोथा तरंगू लागला. पावसाचे पाणी ताकासारखे पांढरे राहिले. वडील बराच वेळ दोन्ही बरण्यांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ही बरणी आधी पाहिली असती, तर झाडं वाचली असती."

खरे आहे ते. करपलेल्या झाडांपैकी बरीच पुढच्या पावसात फुटली. सहा उपटावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. तेल आणि साबण आधी थोड्या कोमट, हलक्या पाण्यात घोळून दुधासारखे करायचे. मग बरणीत नमुना घेऊन अर्धा तास ठेवून पाहायचा. तेल सुटले नाही तरच पंप भरायचा. फवारणी ऊन उतरल्यावर करायची आणि पंप मधूनमधून हलवायचा. या नियमाला खर्च एका बरणीचा.

तुमच्याही घरी एखादी रिकामी बरणी असेल. पुढच्या फवारणीआधी अर्धा तास तिला द्या. पंप पाठीवर चढला की मग तेल आपल्याला काही सांगत नाही, ते झाडाला सांगते.